इंग्रजी फिगर्स ऑफ स्पीच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमातून दहावी करून इंग्रजीतल्या कॉलेजात बसलेले, बारावीच्या इंग्रजीच्या पेपरला घाबरलेले आणि चाळीतल्या दोन खोल्यांत शिकवण्या घेणारे, अशा सगळ्यांचे हे प्रश्न आहेत. इंग्रजी उदाहरणं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. यातल्या निम्म्या चुका स्पेलिंगकडे बघून होतात, उच्चार ऐकला की सुटतात.

मराठीतले अलंकार पाठ आहेत. त्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते पाठ केलं की झालं ना?

अर्धंच. उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटाफर, अतिशयोक्ती म्हणजे हायपर्बली, इथवर जोड्या बिनघोर जुळतात. पुढे घोळ सुरू होतो. उत्प्रेक्षेला इंग्रजीत वेगळा कप्पाच नाही. अनुप्रास आणि अलिटरेशन यांची मापं वेगळी आहेत. अनन्वय, अपन्हुती यांची नावं इंग्रजीच्या शालेय पुस्तकात सापडणार नाहीत. उलट ट्रान्स्फर्ड एपिथेट किंवा इन्व्हर्जन मराठीच्या तासाला कोणी शिकवलेलं नसतं. त्यामुळे जोड्या लावण्याऐवजी वाक्याला एकच प्रश्न विचारा: इथे शब्दाचं नेमकं काय केलंय? तुलना केली, आवाज पुन्हा आणला, जागा बदलली, की एका वस्तूचं नाव दुसरीला दिलं? उत्तर मराठीत मनाशी आलं तरी चालेल. नाव नंतर आठवतं.

'लाइक' किंवा 'ॲज' दिसलं की सिमिली, हे बरोबर?

हे अर्धवट सूत्र सर्वांत जास्त गुण खातं. 'आय लाइक वडापाव' यात 'लाइक' क्रियापद आहे, म्हणजे आवडणं. 'ॲज इट वॉज रेनिंग, द लोकल्स वेअर लेट' यात 'ॲज'चा अर्थ 'पाऊस होता म्हणून'. दोन्हीकडे तुलनाच नाही.

दुसरी अट लोक विसरतात. तुलना दोन वेगळ्या जातीच्या गोष्टींची हवी. 'शी वॉक्स लाइक हर मदर' हे साधं निरीक्षण झालं, मुलगी आणि आई दोघी माणसंच. 'शी वॉक्स लाइक अ क्वीन' मात्र सिमिली, कारण ती राणी नाही. मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत उपमेसाठी मुंबईच्या घरांना कबुतराच्या खुराड्यासारखी म्हटलेलं उदाहरण हमखास असतं. घर आणि खुराडं या दोन निराळ्या वस्तू आहेत, म्हणून ती उपमा. (हल्लीचे भाडेकरू तिला स्वभावोक्ती म्हणतील, पण ते सोडा.)

मग उत्प्रेक्षेचं काय? 'जणू', 'गमे', 'भासे' असलेलं?

इंग्रजीत 'ॲज इफ' किंवा 'ॲज दो' आलं की उत्तर सिमिली. पेपरात 'उत्प्रेक्षा' हा शब्द रोमन लिपीत लिहून आलेल्या उत्तरपत्रिका असतात. त्याला गुण मिळत नाहीत.

मेटाफर ओळखताना चुकतं कुठे?

'इज' शोधण्यात. 'मुंबई इज अ बीहाइव्ह' हा मेटाफर सगळ्यांना दिसतो. पण मेटाफर 'ऑफ'मध्येही लपतो: 'अ सी ऑफ पीपल ॲट दादर'. क्रियापदातही लपतो: 'द ब्रिज स्पिल्ड पीपल ऑन टू द प्लॅटफॉर्म'. सांडतं ते पाणी. इथे माणसांना पाणी केलंय, पण 'पाणी' हा शब्द वाक्यात कुठेच नाही. अशा वेळी क्रियापद खरं कोणाचं असतं ते शोधा. ते सापडलं की तुलनेची दुसरी बाजू सापडली.

झिजलेले मेटाफर मात्र उत्तरात लिहू नका. टेबलाचे पाय, घड्याळाचे 'हँड्स' यांत आता कोणाला तुलना जाणवत नाही. त्या घड्याळाला आपण हात न देता काटे दिले, एवढी गंमत लक्षात ठेवा आणि पुढे चला.

पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्तीच ना?

जवळपास, पण चेतनगुणोक्तीचं अंगण मोठं आहे. निर्जीवाला सजीवाचे गुण दिले की चेतनगुणोक्ती झाली, मग तो सजीव कुत्रा असला तरी चालतो. पर्सॉनिफिकेशनच्या नावातच 'पर्सन' आहे, तिथे माणसाचे गुण लागतात. 'द विंड व्हिस्पर्ड' म्हणजे वारा कुजबुजला, हे माणसाचं काम. 'द विंड हाउल्ड' हे लांडग्याचं. काटेकोर बघितलं तर दुसरं पर्सॉनिफिकेशन नव्हे. शाळा-कॉलेजाच्या पातळीवर ते बहुधा चालवून घेतात, आणि आमच्या मते घ्यावं. पण दोन पर्यायांतून निवडायचं असेल तर हा फरक उपयोगी पडतो.

अलिटरेशनमध्ये अक्षर मोजायचं की आवाज?

आवाज, आणि तोही शब्दाच्या सुरुवातीचा किंवा आघात येतो त्या अवयवाचा (म्हणजे सिलेबलचा). मराठी अनुप्रासाला अक्षर शब्दात कुठेही आलं तरी चालतं. ती सवय इथे नडते.

'फोन' पी-एचने सुरू होतो आणि 'फॅन' एफने, तरी दोघांत अलिटरेशन आहे. गुडघ्याचा 'नी' के अक्षराने सुरू होतो, पण के मुका आहे, म्हणून 'नी' आणि 'नाइट' जुळतात. उलट 'सिटी' आणि 'कॅट' दोन्ही सी अक्षराचे, आवाज मात्र वेगळे, जमत नाही. 'सी' आणि 'शी' हेही काटेकोरपणे जुळत नाहीत. मराठी कानाला स आणि श वेगळे ऐकू येतात, तो कान इथे वापरा.

किती शब्द हवेत? दोनही पुरतात, पण जवळजवळ हवेत. ओळीच्या दोन टोकांना 'ब' आला म्हणून अलिटरेशन लिहू नका. 'द', 'टू', 'ऑफ' असले फुटकळ शब्द जमेस धरू नका.

शब्दांच्या पोटातला स्वर पुन्हा पुन्हा आला की त्याचं नाव ॲसोनन्स: 'द लेट ट्रेन वेट्स इन द रेन'. चार शब्दांत तोच लांबट 'ए' आहे. पोटातलं किंवा शेवटचं व्यंजन पुन्हा आलं तर कॉन्सोनन्स.

यमक ही फिगर ऑफ स्पीच आहे का?

मराठीत यमक शब्दालंकारात बसतं. इंग्रजीत राइम ही नादाची योजना मानतात, फिगर ऑफ स्पीच विचारल्यावर तिचं नाव देत नाहीत. राइम स्कीम वेगळी विचारतात. ओळींचे शेवटचे शब्द घ्या, पहिल्याला ए द्या, जुळेल त्याला तेच अक्षर, नाही जुळला तर पुढचं. शेवट 'ट्रेन, गो, रेन, दो' असे असतील तर ए-बी-ए-बी. हा 'दो' म्हणजे 'तरीही' अर्थाचा, ओ-यू-जी-एचने संपणारा.

याच शेपटीचे आणखी तीन शब्द बघा: कॉफ, टफ, थ्रू. चारही शब्दांची शेवटची चार अक्षरं तीच, आवाज चार तऱ्हांचे. देवनागरीत लिहिलं तसं वाचलं जातं, म्हणून आपण नकळत स्पेलिंगवर भरवसा ठेवतो. ओळी मोठ्याने वाचा. परीक्षेत ओठ हलवा.

मेटॉनिमी आणि सिनेकडकी कायम गोंधळात टाकतात. सोपं करून सांगा.

यांच्यासाठी मराठीच्या वर्गातली लक्षणा आठवा. 'बाबा ताटावरून उठले' म्हणजे जेवणावरून उठले. 'आम्ही ज्वारी खातो' म्हणजे ज्वारीची भाकरी खातो. शब्द एक, अर्थ त्याच्या शेजारचा. हेच इंग्रजीत दोन नावांत वाटलं गेलंय. अंश आणि अख्खी वस्तू असं नातं असेल तर सिनेकडकी. नुसता संबंध असेल, म्हणजे जागेचा, साधनाचा, खुणेचा, तर मेटॉनिमी.

फोर्टातला काळा घोडा दोन्ही शिकवतो. तो पुतळा होता सातव्या एडवर्डचा, घोड्यावर बसलेला. लोकांनी राजाला बाजूला ठेवलं आणि सगळ्या पुतळ्याला 'काळा घोडा' म्हणू लागले. घोडा हा पुतळ्याचा एक भाग, त्याचं नाव सबंध पुतळ्याला मिळालं: ही सिनेकडकी. मग पुतळ्याभोवतीचा सगळा परिसरच काळा घोडा झाला. परिसर काही घोड्याचा भाग नव्हे, नुसता शेजार: ही मेटॉनिमी. १९६५मध्ये पुतळा भायखळ्याला राणीच्या बागेत हलवला, तरी 'काळा घोड्याला उतरतो' हे चालूच राहिलं. २०१७मध्ये तिथे नवा घोडा बसवला, त्याच्यावर स्वारच नाही. नावाने वस्तूला आपल्यासारखं करून घेतलं म्हणायचं.

रोजची उदाहरणं भरपूर आहेत. 'दलाल स्ट्रीट घाबरली' म्हणजे शेअर बाजार, जागेवरून माणसं: मेटॉनिमी. 'फाइल सहाव्या मजल्यावर अडकली' म्हणजे मंत्रालयातलं मुख्यमंत्र्यांचं कार्यालय: तेच. 'ऑल हँड्स ऑन डेक' म्हणताना हात म्हणजे खलाशी: सिनेकडकी. 'इंडिया वन बाय सिक्स विकेट्स' म्हणताना देश म्हणजे अकरा जण, अख्ख्याचं नाव भागाला: तीही सिनेकडकी, उलट्या दिशेची. 'द पेन इज माइटियर दॅन द सोर्ड' हे वाक्य एडवर्ड बुलवर-लिटन यांच्या १८३९च्या नाटकातलं. पेन म्हणजे लेखन, तलवार म्हणजे बळ, साधनावरून काम: मेटॉनिमी.

दोन्हींत खरंच अडलात तर मेटॉनिमी लिहा. अनेक अभ्यासक सिनेकडकीला मेटॉनिमीचाच पोटप्रकार धरतात, तेव्हा उत्तर अगदीच चुकणार नाही.

ट्रान्स्फर्ड एपिथेट म्हणजे काय? मराठीत हा शिकवलाच नाही.

विशेषण एकाचं आणि चिकटवलं दुसऱ्याला. 'स्लीपलेस नाइट' घ्या. रात्र झोपत नाही आणि जागतही नाही, जागतो माणूस. 'शी ओपन्ड अ हंग्री टिफिन' यात भूक डब्याला नाही, तिला लागली आहे. कसोटी सोपी: विशेषण उचलून वाक्यातल्या माणसाला लावा. अर्थ सरळ लागला तर ट्रान्स्फर्ड एपिथेट.

पर्सॉनिफिकेशनशी गल्लत होते, कारण दोन्हीकडे निर्जीवाला माणसाचा गुण दिसतो. पर्सॉनिफिकेशनमध्ये वस्तू स्वतःच माणूस होऊन काहीतरी करते: 'द टिफिन कॉल्ड हर'. इथे डबा काहीच करत नाही, त्याच्यावर नुसतं दुसऱ्याचं विशेषण पडलंय.

ऑक्सिमोरॉन, पॅराडॉक्स, अँटिथिसिस. तिन्ही विरोधाभासच ना?

पहिले दोन, हो. ऑक्सिमोरॉनमध्ये विरुद्ध शब्द अंगाला अंग लावून येतात: 'ओपन सीक्रेट', 'बिटरस्वीट'. या शब्दाची फोडही तशीच आहे, ग्रीकमध्ये ऑक्सिस म्हणजे तीक्ष्ण आणि मोरोस म्हणजे मठ्ठ. पॅराडॉक्स सबंध विधानाचा असतो. ऐकताना अशक्य वाटतं, विचार केल्यावर पटतं: 'द मोअर वी हरी, द लेटर वी रीच'.

अँटिथिसिसमध्ये आभास नसतो. दोन उलट गोष्टी तराजूच्या दोन पारड्यांत ठेवलेल्या असतात आणि दोन्ही खऱ्या असतात: 'मॅन प्रपोझेस, गॉड डिस्पोझेस'. दोन्ही बाजूंची वाक्यरचना सारखी दिसली की हिच्यावर संशय घ्या.

इन्व्हर्जन कशी पकडायची?

ओळ गद्यात लिहून बघा. 'डाउन केम द रेन' हे गद्यात 'द रेन केम डाउन' होतं. क्रम बदलला, म्हणून इन्व्हर्जन. मराठीत 'आला पाऊस' आणि 'पाऊस आला' दोन्ही खपतात, त्यामुळे आपल्याला उलटं काही वाटतच नाही. इंग्रजीत कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम बराच घट्ट असतो. प्रश्नार्थक वाक्यात क्रियापद पुढे येणं हा मात्र व्याकरणाचा नियम आहे, तिथे इन्व्हर्जन लिहू नका.

ॲपॉस्ट्रफी म्हणजे तो वरचा स्वल्पविराम ना?

त्या चिन्हाचंही नाव तेच. अलंकार म्हणून ॲपॉस्ट्रफी म्हणजे समोर नसलेल्या माणसाला, मृताला किंवा निर्जीवाला थेट हाक मारणं: 'ओ सी, टेक मी होम'. समोर बसलेल्या मित्राला हाक मारली तर नाही. समुद्राला बोलावलं की सोबत पर्सॉनिफिकेशनही बहुधा येतंच.

टॉटॉलॉजी?

तोच अर्थ दोनदा. मुंबईत उदाहरणांना तोटा नाही: एटीएम मशीन (एम म्हणजेच मशीन), पिन नंबर, लेडीज बायका, परत रिटर्न. कवितेत ती जोर आणायला मुद्दाम वापरतात, अर्जात चूक ठरते.

हायपर्बलीत किती मोठं बोललं म्हणजे पुरे?

खरं असणं शक्य नाही इतकं. 'लाखो लोक रोज लोकलने जातात' ही वस्तुस्थिती आहे, आकडा कितीही मोठा असो. 'द होल ऑफ मुंबई वॉज इन माय कंपार्टमेंट' ही हायपर्बली.

आयरनी आणि व्याजस्तुती?

व्याजस्तुतीत स्तुतीआड निंदा असते किंवा निंदेआड स्तुती. आयरनीच्या शब्दांतल्या प्रकाराशी ती जुळते. पण आयरनी प्रसंगाचीही असते, तिथे कोणी काही बोलतच नाही: गुडघाभर पावसाच्या पाण्यात उभं राहून टँकरची वाट बघणं. सारकॅझम म्हणजे टोचण्यासाठी वापरलेली आयरनी, आपल्याकडचा टोमणा.

युफेमिझम समजावायला चांगलं उदाहरण कोणतं?

घरातच आहे. बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणतात, दुकान बंद करताना 'वाढवतात', नारळही वाढवतात. अशुभ शब्द तोंडातून निघू नये म्हणून उलटा शब्द घेतला. इंग्रजीत 'डाइड'ऐवजी 'पास्ड अवे'. मराठी अलंकारांत पर्यायोक्ती याच्या जवळची. तुरुंगात असलेल्याला सरकारी पाहुणचार चालू आहे म्हणणं हे तिचं ठरलेलं उदाहरण.

पन आणि श्लेष एकच?

श्लेषात एका शब्दाचे दोन अर्थ. 'मित्र' म्हणजे दोस्तही आणि सूर्यही. इंग्रजी पन त्यापुढे जातो, आवाज सारखा आणि स्पेलिंग वेगळं असलं तरी त्याला चालतं. पिठाचं 'फ्लाउअर' आणि फुलाचं 'फ्लाउअर' यावर तो खुशाल खेळतो. साठच्या दशकापासून मुंबईत लागत आलेली अमूलची होर्डिंगं याच्यावरच चालतात. सिग्नलला बस थांबली की वाचत जा, फुकटची शिकवणी आहे.

एकाच ओळीत चार-चार अलंकार दिसतात. कोणता लिहायचा?

एक वाक्य घेऊन बघू: 'लाइक अ टायर्ड बीस्ट, द लास्ट लोकल क्रॉल्ड इन्टू चर्चगेट.'

'लाइक' आहे, लोकल आणि जनावर वेगळ्या जातीचे: सिमिली पक्की. 'क्रॉल्ड' म्हणजे सरपटली, हे सजीवाचं क्रियापद गाडीला दिलं: मेटाफर. कोणी पर्सॉनिफिकेशन लिहील, पण वाक्यात जनावर म्हटलंय, माणूस नाही, तेव्हा ते कच्चं. 'लाइक, लास्ट, लोकल' यांत सुरुवातीचा 'ल': अलिटरेशन. ते 'लास्ट लोकल'वर भक्कम उभं राहतं, 'लाइक' थोडा दूर पडलाय. 'टायर्ड बीस्ट' मात्र ट्रान्स्फर्ड एपिथेट नव्हे, जनावर खरंच थकू शकतं. 'टायर्ड सीट्स' असतं तर झालं असतं. तुलना वाक्याच्या आधी आली म्हणून इन्व्हर्जनही नाही, 'द लास्ट लोकल क्रॉल्ड' हा क्रम शाबूत आहे.

उत्तरात सिमिली लिहा. जो अलंकार तुम्ही शब्दांवर बोट ठेवून सिद्ध करू शकता तो लिहायचा, जो जास्त विद्वान दिसतो तो नाही.

उत्तर कसं लिहायचं?

नाव, त्या ओळीतले शब्द, आणि त्या शब्दांचं काय केलं. तिन्ही हवं. 'द सिल्व्हर सी सँग सॉफ्टली' या ओळीवर नेहमी दिसणारं उत्तर असं: 'अलिटरेशन. बिकॉज सेम लेटर इज रिपीटेड.' नाव बरोबर, बाकी कुठल्याही ओळीला चिकटवता येईल असं. लिहायला हवं ते असं: 'अलिटरेशन. द साउंड ऑफ एस इज रिपीटेड ॲट द बिगिनिंग ऑफ सिल्व्हर, सी, सँग अँड सॉफ्टली.' सिमिली असेल तर कोणाची तुलना कोणाशी हे दोन्ही लिहा, आणि तुलनेचा शब्द अवतरणचिन्हांत द्या. व्याख्या पाठ असली तरी तिच्यावर तीन ओळी घालवू नका.

किती नावं पाठ करावीत?

वर आलेल्यांत रिपिटिशन, ऑनोमॅटोपीआ, क्लायमॅक्स आणि ॲनाफोरा घातले की कॉलेजापर्यंतचं काम भागतं. क्लायमॅक्स म्हणजे आपला सार, पायरी पायरीने चढणारा. ॲनाफोरा म्हणजे लागोपाठच्या वाक्यांची सुरुवात त्याच शब्दांनी, २८ ऑगस्ट १९६३च्या भाषणात मार्टिन ल्यूथर किंग यांनी 'आय हॅव अ ड्रीम' पुन्हा पुन्हा म्हटलं तसं. ऑनोमॅटोपीआ म्हणजे आवाजावरून घडलेला शब्द, मराठीतले अनुकरणवाचक: खडखडाट, धडधड. तिथे 'हिस', 'बझ', 'क्लँग' हे चालतात. 'नॉइज' किंवा 'शाउट' चालत नाहीत, ते आवाजाविषयी सांगतात, आवाज करत नाहीत. सिम्बॉलिझम आणि इमेजरी ही साहित्यतंत्रं आहेत. फिगर ऑफ स्पीच विचारल्यावर आधी वरचं काही बसतंय का ते पाहा.

स्पेलिंग आणि उच्चार?

ऑनोमॅटोपीआची बारा अक्षरं तीन तुकड्यांत पाठ करा: ओ-एन-ओ, एम-ए-टी-ओ, पी-ओ-ई-आय-ए. अलिटरेशनमध्ये एल दोनदा, बाकी काही दुप्पट नाही. सिमिलीत तीन अवयव आहेत. घाईत पहिला आय गळला की 'स्माइल' होतं, आणि अशा उत्तरपत्रिका दरवर्षी निघतात. हायपर्बलीचा शेवट 'ली' असा करा, 'बोल' नाही. आणि शेवटी ई लिहा. तिथे ए लिहिलात तर तो हायपर्बोला, गणिताच्या पेपरातला.